अनुसयेची जवाची आंबील

मी अनुसयेचं नाव काढलं की लोकांना वाटतं, आता ही तिच्या हातच्या चवीचं कौतुक करत बसणार. चव होती, नाही म्हणत नाही. पण बाप्पा, त्या बाईचा हट्ट! तसला हट्ट मी आमच्या अकोल्यात पाहिला नाही आणि जयपुरात तर नाहीच नाही. आणि त्या हट्टापुढे मी स्वतः कशी तोंडावर आपटले, तेही सांगते. लपवून काय करायचंय आता?

जयपूर स्टेशनामागच्या रेल्वे क्वार्टरांत आम्ही दोघी शेजारी. आमचे हे गार्ड, तिचा नवरा दशरथ वाफेच्या इंजिनावर फायरमन. ती जालन्याकडची. सात वर्षं जयपुरात काढून तिला हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं, आणि त्याची लाजही नव्हती. भाजीवालीशी ती खुशाल मराठीत भांडायची आणि जिंकून यायची. जिथं खरंच हिंदी लागे तिथं मी. माझी हिंदी फार चांगली, असं मीच सगळ्या क्वार्टरांत सांगत फिरायची.

तिच्या स्वयंपाकघरात सामान म्हणाल तर एक स्टोव्ह, चार पातेली आणि एक मातीची हंडी. पण प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली. थंडीत बाजरीची खिचडी करायची तर बाजरी आधी ओलसर करून कांडायची, कोंडा पाखडायचा, मगच ती पातेल्यात. उन्हाळ्यात दही विरजायचं ते संध्याकाळीच, आणि भांडं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचं. जयपूरच्या उन्हात सकाळी विरजलेलं दही दुपारी तोंडात धरवत नाही. मी आळशी, मी सकाळीच विरजायची आणि मग ते आंबटढाण दही घेऊन तिच्या दारात कुरकुरत उभी राहायची. ती म्हणायची, "विजूताई, दह्याला कशाला बोलायलाव? दही आपलं काम करायलंय."

शहाऐंशीच्या शिमग्यात दशरथला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी. महिनाभर अंथरुणावर होता. वैशाखात कावीळ उतरली, रक्त तपासलं तेही चांगलं आलं. पण माणूस काही उठेना. ताट समोर आलं की तोंड फिरवायचा. साठ किलोचा गडी चव्वेचाळीसवर आला होता. शर्ट अंगावर असा लोंबायचा की बघवत नसे.

रेल्वेच्या डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. रोग गेला आहे, पण फायरमनला तासन्‌तास फावड्याने कोळसा मारावा लागतो, तो या हातांनी कसा मारणार? एकवीस दिवस देतो, म्हणाले. तेवढ्यात अंगात ताकद आली तर फिट लिहीन, नाही तर इंजिनावरून उतरवून बसल्या कामाला लावावं लागेल. त्यांचंही चूक नव्हतं. पण दोन वर्षांत ड्रायव्हरची परीक्षा द्यायची म्हणून हा माणूस पुस्तकं घेऊन बसायचा. घरी आला, भिंतीकडे तोंड करून पडला आणि म्हणाला, "इंजिन गेलं म्हंजे मी गेलो."

अनुसया रडेल असं मला वाटलं. ती उठली, तिने पदर खोचला. "एकवीस दिस म्हंजे बेचाळीस जेवणं," ती म्हणाली. "बघू कोण हरतंय."

पहिले तीन दिवस तीच हरली. मुगाचं कढण केलं, दोन घोट. तांदळाची पेज केली, एक घोट. दुधीची भाजी बिनतेलाची, जिरं घालून नुसत्या वाफेवर शिजवलेली. ती त्याने बोटाने बाजूला सारली. मी म्हटलं, जरा ओरड की त्याच्यावर! माझ्या नवऱ्याने असं केलं असतं तर मी ताटच त्याच्या डोक्यावर ठेवलं असतं. ती म्हणाली, "आजारी माणसावर वरडून पोटात जागा व्हत न्हाई."

चौथ्या दिवशी जवळच्या आमेरहून आमची भाजीवाली मांगीबाई आली. बसने यायची ती, डोक्यावर काकड्या, कैऱ्या, तोंडल्यांची टोपली घेऊन. दारातून तिला खाटेवरचा दशरथ दिसला. तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "बाईसा, भैया को राबड़ी पिलाओ. ठंडी राबड़ी. आठ दिन में खड़ा हो जाएगा."

अनुसयेने माझ्याकडे पाहिलं. मी दुभाषी! मी म्हटलं, "अगं, रबडी दे म्हणतेय. दुधाची."

"रबडी? काविळीतून उठलेल्या माणसाला?" तिचे डोळे बारीक झाले. "तूप-साय न्हाई द्यायचं म्हणलेत डाक्टर. नीट इचारा, विजूताई."

आता विचारायला काय झालं होतं मला? मांगीबाई अजून फाटकापाशीच होती. पण माझी हिंदी चांगली ना! मी ठसक्यात म्हटलं, "इकडची रीत असेल. ती का खोटं सांगेल? आणि मला काय एवढंही कळत नाही?" वर शहाणपणा असा की स्वतः सी-स्कीमच्या बाजारापर्यंत जाऊन पिस्ते घेऊन आले.

अनुसयेने दोन लिटर दूध आटवलं. तासभर स्टोव्हपाशी बसून कडेची साय परत दुधात मोडत राहिली. बिचाऱ्या दशरथने बायको एवढी घामाघूम झालेली पाहून दोन वाट्या खाल्ल्या. तासाभरात सगळं उलटलं. पुढचे दोन दिवस दुधाचं भांडं नुसतं वाजलं तरी त्याला मळमळून यायचं. वजन आणखी एक किलो उतरलं. अनुसयेने रबडीचं पातेलं घासून पालथं घातलं आणि पुन्हा मुगाचं कढण चढवलं, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. मी तेव्हा माझ्या घरात बसून रडले, खोटं कशाला बोलू.

मांगीबाई पुन्हा आली तेव्हा मीच धावत गेले आणि तिच्यावर उखडले. काय सांगितलंस गं बाई, दूध पचलं नाही त्याला! ती चक्रावून म्हणाली, "दूध? दूध की किसने कही? राबड़ी, बाईसा, राबड़ी! आटा और छाछ!" मग तिने हातानेच दाखवलं. ताकात पीठ कालवायचं, हंडीत घालून आंबायला ठेवायचं, शिजवायचं, गार करून प्यायचं. सर्दी में बाजरा, गर्मी में जौ.

राबडीतला एक काना गाळून मी माणसाला आडवं केलं होतं.

अनुसया माझ्यामागे येऊन उभी होती. तिला त्या हिंदीतलं काय कळलं ते देव जाणे, पण तिने मांगीबाईचे फिरणारे हात पाहिले आणि ती एकदम म्हणाली, "अगं बया! ही तर आंबील हाय." आणि मग तिचा चेहरा पडला.

कारण आंबील त्या घरात बंद होती. बाहत्तरच्या दुष्काळात दशरथ सोळा वर्षांचा होता. दिवसभर रस्त्यावर खडी फोडायची आणि घरी आल्यावर मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या त्या लाल ज्वारीची आंबील, सकाळीही तीच, संध्याकाळीही तीच, पाण्यासारखी पातळ. रेल्वेत लागला त्या दिवशी त्याने आईला सांगितलं होतं, मेलो तरी आता आंबील पिणार नाही. लग्न झाल्यावर अनुसयेलाही तेच सांगितलं. सात वर्षांत तिने एकदाही केली नव्हती.

मी म्हटलं, "सोपं आहे. राबडी म्हणून दे. त्याला काय कळतंय?"

ती माझ्यावर अशी गरकन वळली! "एकदा नाव चुकलं त्येवढं बास झालं, विजूताई. नवऱ्याला फशिवून खाऊ घालायची न्हाई म्या. त्यो आंबीलच पिईल, आन आंबील म्हणूनच पिईल."

त्याच दिवशी तिने जव, म्हणजे आपला सातू, आणून दळून घेतला. तिची रीत मी शेजारी बसून शिकले, ती तुम्हालाही सांगते. मूठभर पीठ वाटीभर आंबट ताकात हाताने कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही. मातीच्या हंडीत घालून, तोंडाला फडकं बांधून, सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात ठेवायचं. मग दुसऱ्या पातेल्यात तीन वाट्या पाण्याला उकळी आणायची, मीठ आणि भरडलेलं जिरं टाकायचं आणि ते पीठ बारीक धारेने सोडायचं. दुसरा हात ढवळत राहिला पाहिजे, तो थांबला की तळाला लागलंच. आच मंद ठेवायची. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या दाण्याचा वास यायला लागला की उतरवायचं. पूर्ण गार झाल्यावरच त्यात ताजं ताक घालायचं. गरमात घालाल तर ताक फाटेल आणि मग मला दोष देऊ नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिजवलेली आंबील रात्रभरात गार झाली. सकाळी तिने कल्हईची पितळी वाटी भरली आणि खाटेसमोर जमिनीवर बसली. दशरथला वासानेच कळलं. तो उठून बसला आणि ओरडलाच, "हे काय हाय? तुला सांगितलं व्हतं ना?"

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "आंबील हाय. जवाची. तुमच्या माईनं दिली ती तुम्ही मरू नये म्हणून दिली. तिच्यापाशी दुसरं काय बी नव्हतं. माझ्यापाशी समदं हाय, आन तरी म्या ही देयलेय, कारण तुमच्या पोटात हीच राहील. तुम्हाला इंजिन पाहिजे का बाहत्तर सालावरचा राग पाहिजे, ते सांगा."

"नेऊन टाक."

"न्हाई नेणार. तुम्ही पिईस्तोवर माझ्या तोंडात पाण्याचा थेंब जाणार न्हाई."

वैशाखातलं जयपूर होतं ते. दारं-खिडक्या लावल्या तरी लूच्या झळा आत शिरायच्या, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. दहा वाजल्यापासून ती तिथं बसली. बारा वाजले, दोन वाजले. ओठ पांढरे पडले तिचे. मी माठातलं पाणी घेऊन गेले तर तिने हातानेच तांब्या दूर सारला. मी दशरथला वाट्टेल ते बोलले. दगड आहेस, म्हटलं, कसाई आहेस. माझी चूक, आणि शिव्या त्याला देत होते! तो छताकडे बघत पडून होता.

अडीचच्या सुमाराला तो उठला. वाटी उचलली, डोळे मिटले आणि एका दमात प्यायला. मग वाटी खाली ठेवून हमसून हमसून रडायला लागला. "माई सोता पीत नव्हती गं," तो म्हणाला. "मला देयची आन जेवले म्हणायची. मला ठाव व्हतं. तरी म्या प्यायचो."

अनुसयेने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पाणी प्यायली, तांब्याभर, आणि लगेच दुसरी वाटी भरायला उठली.

आंबील पोटात टिकली. दुसऱ्या दिवशी दोन वेळा, तिसऱ्या दिवशी तीन वेळा. सोबत बारीक चिरलेला कांदा आला, भाजलेल्या कैरीचं पन्हं आलं. मग आंबिलीत ज्वारीची भाकरी कुस्करून, मग भाकरी आणि मुगाचं घट्ट वरण. तो सगळं गुमान खायचा, पण औषध घेतात तसं, तिच्याकडे बघून. "खा म्हणलं की खातेत," ती मला म्हणायची, "पर सोताहून मागत न्हाईत." तेवढीच एक काळजी ती बोलून दाखवायची.

एकविसाव्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. काटा एकोणपन्नासवर थांबला. डॉक्टर मान हलवून म्हणाले, अजून कमी आहे. दशरथने मान खाली घातली. तोवर अनुसया दार ढकलून आत! मी बोलायला तोंड उघडलं, तर मला म्हणाली, "तुम्ही गप ऱ्हावा." आणि डॉक्टरांना सरळ मराठीत, "साहेब, काट्यावर उभं करून काय कळतंय? त्यास्नी फावडं द्या. फावडं!" आणि दोन्ही हातांनी कोळसा मारून दाखवला, तिथंच, त्यांच्या टेबलासमोर. डॉक्टर आधी चकित झाले, मग हसले. फोरमनला चिठ्ठी लिहून दिली. शेडमधल्या उभ्या इंजिनात याला तासभर कोळसा मारू दे, मग मी ठरवतो.

शेडच्या तारेच्या कुंपणाबाहेर आम्ही दोघी उभ्या राहिलो. आतून फावड्याचा आवाज यायचा. मध्ये तो थांबला की अनुसया माझा दंड आवळायची, पुन्हा सुरू झाला की सोडायची. माझ्या दंडावर चार दिवस वळ होते. धुराड्यातून आधी पांढरा, मग काळा धूर निघाला. तास झाला तेव्हा फोरमन खाली उतरला, आमच्याकडे बघून त्याने खुशीने हात वर केला आणि चिठ्ठीवर सही करायला आत गेला.

मागून दशरथ उतरला. काळाठिक्कर, घामाने निथळलेला. कुंपणापाशी आला, दोन्ही हातांनी तार धरली. मला वाटलं, फिट झालो म्हणेल, साहेब काय बोलले ते सांगेल.

तो म्हणाला, "अनुसया, लई भूक लागली गं."

तेव्हा ती रडली. भर उन्हात, शेडातली माणसं बघत होती तरी, तोंडात पदर कोंबून रडली. मग नाक पुसलं आणि त्याच्यावरच खेकसली, "मंग चला की लवकर, उभं काय ऱ्हायलाव!"