नाही असलं तरी चालेल

अर्धे वाल सोलून झाले होते, अर्धे पाण्यातच होते, तेवढ्यात मृणाली दारात येऊन उभी राहिली. मृणाली म्हणजे माझी धाकटी जाऊ.

"ताई, हात धुवा. यांना देवळात न्यायचंय. एकटे जायला तयार नाहीत."

हे म्हणजे अल्पेश भावजी, माझे दीर. वाल तसेच झाकून ठेवले. गावदेवीचं काम निघाल्यावर घरचं काम थांबतं.

रात्रीची भांडी आवरून रोज वहीत चार ओळी लिहिते. आज भावजींबद्दल लिहिते आहे. चार ओळींत मावणार नाही.

मी लग्न होऊन उरणजवळच्या या गावात आले तेव्हा भावजी शाळेत होते. पंगतीत वाढणारा पुढे निघून गेला तर हाक मारायचे नाहीत. रिकाम्या पानाकडे बघत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "याला भूक हाय, तोंड न्हाय." पुढे ते कंटेनर यार्डात गेटवर नोंदी करायला लागले. कामात चूक नाही, सुट्टी नाही. पगारवाढ मात्र कायम दुसऱ्यांची व्हायची, कारण साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन हे परत यायचे. विचारलं की म्हणायचे, "साहेब फोनवर होते." साहेब कधी फोनवर नसायचे?

पावसाळ्याआधी ते यार्डच बंद झालं. भावजींनी नवी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत अर्ज केला. दोन मुलाखती छान झाल्या. भरती बघणाऱ्या अमिषा मॅडम म्हणाल्या, "दिवाळीनंतर कळवतो." दिवाळी गेली, तुळशीचं लग्नही लागलं, कळवणं काही नाही.

भावजींनी विचारावं की नाही? विचारायचे नाहीत. त्याऐवजी रोज सकाळी मॅडमना फुलाचं चित्र आणि 'शुभ सकाळ' पाठवायचे. पाडव्याला पणती पाठवली, भाऊबीजेला ताट. म्हणे, नाव डोळ्यांसमोर राहतं. एकदा तिकडून जोडलेले हात आले. दोन दिवस घरात त्या हातांचा अर्थ लावणं चाललं होतं. भावजी म्हणाले, "काम झालेलं दिसतंय." मृणाली म्हणाली, "हात जोडले म्हणजे आता पुरे म्हणतेय ती बाई."

त्यात गावातल्या रामचंद्रशेठनी आपल्या ट्रेलरच्या ऑफिसात बसायला माणूस हवा म्हणून भावजींना निरोप धाडला. पगार कमी, पण घराजवळ. शनिवारपर्यंत हो-नाही सांगा, नाहीतर दुसरा बघतो. आज शुक्रवार. इकडे हो म्हणावं आणि उद्या तिकडून बोलावणं आलं तर? तिकडची वाट बघावी आणि ही जागाही गेली तर? घरात त्यांच्या लेकीची कॉलेजची फी उभी आहे, त्यामुळे माणूस रात्ररात्र कूस बदलतोय. म्हणून गावदेवीला कौल लावायचा ठरला.

तुकाराम गुरवांनी देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "आई, लेकरानं नवी मुंबईची वाट बघावी का?" आम्ही डोळे लावून बसलो. पाकळी हलेना. भावजी हात जोडून म्हणाले, "परत विचारा." परत विचारलं. काही नाही. "अजून एकदा." तिसऱ्यांदाही देवी गप्प.

गुरव म्हणाले, "आज कौल देत न्हाय ती. मंगळवारी या."

"म्हणजे हिचंपण कळवतो-कळवतोच," मृणाली पुटपुटली. मी तिला कोपर मारलं आणि देवीसमोर कान धरले.

भावजी पायरीवर बसून चपला घालत होते. घालत होते म्हणजे एक चप्पल हातातच होती. मृणाली समोर जाऊन उभी राहिली.

"देवीला तीनदा विचारलंत. लाज नाही वाटली?"

"देवीला विचारायला कसली लाज?"

"मग त्या बाईला एकदा तरी विचारलंय का? नुसती फुलं पाठवता. इथेपण नुसती फुलं वाहून गप्प बसला असतात तर गुरवांनी काय पाकळ्या लावल्या असत्या?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, वहिनी सांभाळून घेईल. मी म्हटलं, "भावजी, आई बोलली नाही. जिथे माणसानं विचारायचं तिथे तिला मध्ये घालू नका. गाऱ्हाण्यासारखंच लिहा. प्रश्न एकच, आणि उत्तर हो किंवा नाही."

तिथेच पायरीवर बसून लिहिलं. तीनदा खोडलं. शेवटी असं झालं: 'मॅडम, मला दुसरीकडे उद्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझ्या अर्जाचा विचार अजून चालू आहे का?' आणि खाली स्वतःच्या मनानं एक ओळ जोडली, 'नाही असलं तरी चालेल.' पाठवलं आणि फोन माझ्या पिशवीत टाकला, जसा काही चावेल.

दुपारी आम्ही जेवत असताना पिशवी वाजली. मृणालीनंच वाचून दाखवलं. ती जागा नवरात्रातच भरली होती. बाकीच्यांना कळवायचं राहून गेलं, माफ करा, असं लिहिलं होतं.

भावजींनी घास गिळला, पाणी प्यायले. म्हणाले, "नवरात्रात. आणि मी तिला पणत्या पाठवत होतो." मृणालीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला मात्र त्यांचा चेहरा खूप दिवसांनी सैल झालेला दिसला. दुखलं होतंच, पण टांगणी सुटली होती.

हात धुऊन त्यांनी रामचंद्रशेठना फोन लावला. "येतो शेठ," म्हणाले. मला वाटलं आता ठेवतील. पण पुढे म्हणाले, "एक विचारायचं होतं. पगार थोडा वाढेल का?"

पलीकडून शेठ मोठ्यानं हसल्याचं आम्हालाही ऐकू आलं. "अरे, आधी ये तर. सहा महिन्यांनी बघू."

"चालेल. सहा महिन्यांनी मीच विचारायला येतो," भावजी म्हणाले.

मृणालीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

शेठनी सोमवारपासून यायला सांगितलंय. उद्या सकाळी भावजी उरणच्या बाजारात जाऊन आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो काढून आणणार आहेत.