भोक पाडलेलं वर्तमानपत्र

नांदेडच्या एका कॉलेजात हेरांच्या वस्तूंचं फिरतं संग्रहालय आलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, दवाखान्याच्या कामासाठी उमरीहून माझ्याकडे आले होते. डॉक्टरांची वेळ चारची होती, हाताशी दोन तास होते, म्हणून मी त्यांना तिथे घेऊन गेले.

बटणात बसवलेला कॅमेरा, टाचेत कप्पा असलेला बूट, खोट्या मिशा. अण्णा प्रत्येक पाटी बोट ठेवून वाचत होते. एका काचेपुढे मात्र ते थांबले ते थांबलेच. आत एक जुनं वर्तमानपत्र होतं, मधोमध डोळ्याएवढं भोक पाडलेलं. त्याच्याआडून पाळत ठेवायची.

अण्णा हसले. म्हणाले, "भोक पाडायची गरज न्हाई. वरच्या कडेवरून बी दिसतंय की."

"तुम्हाला काय ठाऊक?"

ते जरा घुटमळले. "तू लातूरला होतीस न्हवं, अकरावीला."

दहावीनंतर त्यांनी मला लातूरला शिकायला ठेवलं होतं. वसतिगृहाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी पालकांना बजावलं होतं, दिवाळीपर्यंत भेटायला येऊ नका, पोरी हळव्या होतात. बाकीच्या मुलींचे आईवडील तरीही यायचे. माझं कुणीच यायचं नाही. अण्णांना शेतापुढे माझी आठवणही येत नसेल, असं मी तेव्हा धरून चालले होते. ते मनात बरीच वर्षं राहिलं.

"मी यायचो," अण्णा काचेकडेच बघत म्हणाले. "दर दुसऱ्या रविवारी. तुमच्या मेससमोर चहाचं हॉटेल होतं, तिथं पेपर धरून बसायचो. तू जेवून बाहेर आलीस की बघायचो अन् परतीची गाडी धरायचो."

"एवढ्या लांबून? नुसतं बघायला?"

"हाव. एकदा तुझी चप्पल तुटलेली होती. पाय घासत चालली होतीस. लई वाटलं, उठावं."

त्याच आठवड्यात गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर नवी चप्पल आली होती. आईनं अंदाजानं धाडली असेल, असं मला वाटलं होतं. मापही बरोबर होतं.

"हाक का नाही मारली, अण्णा?"

"तू रडली असतीस. मग मी तुला घेऊनच आलो असतो घरी. अन् तुला तर शिकायचं होतं."

शाळेच्या मुलांची एक रांग मागून आली, तसे आम्ही बाजूला सरकलो. मी त्यांचा हात धरला. लग्नात पाठवणीच्या वेळी धरला होता, त्यानंतर आजच.

"आईला माहीत होतं?"

"तिला सांगायचो, बाजाराला चाललोय म्हणून," ते म्हणाले आणि एकदम ओशाळले. "आता तू सांगू नको."

चार वाजून गेले होते. डॉक्टरांकडे आम्हाला उशीर झाला. तिथल्या बाकावर नंबर येईपर्यंत मी त्यांना लातूरच्या त्या दिवसांबद्दल एकेक विचारत राहिले. त्यांना माझी वेणीसुद्धा आठवत होती.