डब्यापुढचा धूप

आज खंडेनवमी. विळी, कात्री, ह्यांचे पाने-पकडी मांडून पूजा केली. धूप मात्र लावला नाही, कारण गोरक्षभावोजी घरात होते.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. पिंपळगावच्या एका शीतगृहात त्यांची उभी हयात गेली. पूर्वी ते खोल्याखोल्यांत शिरून थर्मामीटर बघायचे. मग नवी यंत्रणा आली आणि चारही खोल्यांबाहेर एकेक करडा डबा बसला. त्याला नोड म्हणतात. आतलं तापमान तो तारेवरून ऑफिसातल्या पडद्याला आणि गारवा राखणाऱ्या मशीनला कळवत राहतो.

"वहिनी, घरातली माणसं हाकेला ओ देत राहतात ना, तसं हाय ते," भावोजींनी मला समजावलं होतं.

डब्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. रोज सकाळी झाकणं उघडून ते एकेका डब्यापुढे धूप फिरवायचे. हमाल चिडवत, "गोरक्षबुवा, आज डब्याला नैवेद्य काय?"

"तुझं डोकं," भावोजी म्हणत. पण झाकण लावून धूप दाखवणं त्यांना पटत नसे. देवाला कधी दाराआडून ओवाळतात का?

मार्चमध्ये चार नंबरचा डबा मुका झाला. पडद्यावर आणि मशीनकडे शेवटचा आकडा तसाच राहिला, म्हणून सगळे निर्धास्त. भावोजींनी खोलीचं दार उघडलं तेव्हा परदेशी जायच्या द्राक्षांचे देठ तपकिरी पडले होते.

कंपनीची इंजिनीअर आली, वैष्णवी नावाची. डबा उघडला तर तारांच्या टोकांवर काळा चिकट थर.

"इथं धूप कोण लावतं?"

भावोजी म्हणाले, "मी."

"काका, गारठ्याचा ओलावाही धरला असेल. नुसत्या धुपानं..."

"नको ताई. माझंच हाय ते."

शेठ ओरडले नाहीत. नुसता हात पुढे केला. भावोजींनी किल्ल्यांचा जुडगा त्यावर ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी वजनकाट्यावर बसू लागले. त्यांना ओरडा चालला असता, असं मला अजून वाटतं.

तेव्हापासून घरी धूप लावला की ते उठून अंगणात जातात. इतक्या भक्तीचं असं का व्हावं, हे मी देवापुढे बसून कितीदा विचारलं.

दरवर्षी आमच्या मळ्यातला झेंडू शीतगृहाच्या पूजेला जातो. आज भावोजींच्या गाडीवर मीही गेले. काट्यापाशी थांबून त्यांनी टोपली माझ्या हातात दिली.

"तुम्ही न्या आत."

"चला की. तुमच्याशिवाय कसली पूजा?"

"जा वहिनी."

आत आरती झाली, धूप फिरला. मी परत आले. पूजा कशी झाली, प्रसाद काय होता, भावोजींनी काही विचारलं नाही.

"डब्यांची झाकणं लावलेली होती?"

"होती."

"कुलूप ओढून बघितलं?"

"चारी डब्यांचं बघितलं, भावोजी."

मग त्यांनी गाडीला किक मारली.