परसातला हेल

यवतमाळच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बेबीताई गावंडे तास चालू असताना मधेच खडू ठेवून बाहेर निघून जातात, हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. रस्त्यावर कुठं बाईमाणसाच्या रडण्याचा आवाज आला की त्यांना आत बसवत नाही. चप्पल पायात आहे की नाही तेही त्या पाहत नाहीत. जाऊन विचारतात, "काय झालं? कोण नेतंय तुला?" बहुतेक वेळा कोणी कोणाला नेत नसतं. कुणाचं मूल पडलेलं असतं, नाहीतर मयतीला चाललेल्या बाया असतात. बाई परत येतात, खडू उचलतात आणि राहिलेलं वाक्य पुरं करतात. मागच्या बाकावरची पोरं खिदळतात. म्हणतात, बाईले वारं लागलं.

मागं एकदा चहाच्या टपरीवर एका विद्वानानं हेच माझ्या तोंडावर म्हटलं. मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं म्हणून वाचला. पण गचांडी धरून कोणाच्या डोक्यात उजेड पडत नाही, हे मला आता वयानं कळायला लागलं आहे. म्हणून लिहितो.

मी दिग्रसचा. कापसाच्या जिनात हमाली केली, मग हमालांची युनियन बांधली. जातीनं गोर, म्हणजे लोक ज्यांना बंजारा म्हणतात ते. शाळा मी बाहेरूनच पाहिली. १९६० साली आमच्या तांड्यातल्या लखीरामची पोरगी गंगी मॅट्रिक झाली. लखीरामचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरला, बाप जमिनीला चिकटला, आणि ही पोरगी म्हणते मले कॉलेजात जायचं हाय. लखीरामला यवतमाळची भीती वाटे. मला कशाचीच वाटत नसे. मी तिला घेऊन गेलो.

खिडकीतला बाबू तिच्याकडं न पाहताच म्हणाला, "मुलगी आहे. गृहशास्त्र घ्या, सोपं पडेल."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून एक ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई पुढं आली. ह्याच बेबीताई. खेड्यापाड्यातून येणाऱ्या नव्या पोरापोरींकडं लक्ष द्यायचं काम कॉलेजनं त्यांच्या गळ्यात घातलं होतं: कोणी कोणता विषय घ्यावा, कोण मागं पडतं आहे, वेचणीला घरी गेलेलं कोण परतलंच नाही. दुसऱ्यानं हे काम टाळलं असतं. ह्या बाई त्यासाठी एसटीनं गावोगाव जात.

त्यांनी गंगीला विचारलं, "घरी काय करतेस?"

"कापूस वेचते."

"विकायला कोण जातं?"

"बा जाते. मी बी जाते संगं."

"भाव कधी पडतो गं?"

"सारेच्या सारे एकाच बजाराले बैलबंड्या घेऊन गेले की पडते. मंग अडत्या हासते."

"हिला अर्थशास्त्र द्या," बाई बाबूला म्हणाल्या. "अर्धं हिला येतंच." मग माझ्याकडं वळल्या. "आपलं शिक्षण?"

"वर्तमानपत्र."

"कुठलं?"

"ज्याच्यात भजी बांधून भेटतीन ते."

बाई अशा हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवसापासून मी त्यांचा शंकरसिंगभाऊ झालो.

बाई विधवा होत्या. नवरा गेल्यावर नागपुरात शिकल्या, दिरांची बोलणी खात. राहत्या घराच्या मागं परसात त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्यात त्या खेड्यातल्या मुली ठेवत. शिकवण्याची त्यांची रीत वेगळी होती. 'समजलं का?' असं त्या कधी विचारत नसत. म्हणत, खेड्यातलं लेकरू मास्तरांना नाही म्हणत नाही, ते हो म्हणतं आणि नापास होतं. त्या विचारत, "हे घरी आईला कसं सांगशील? सांग." मग गंगी अर्ध्या वऱ्हाडीत, अर्ध्या गोरबोलीत मागणी-पुरवठा सांगायची आणि बाकीच्या पोरी लोळून हसायच्या. बाई हसत नसत. ऐकत. पहिल्या वर्षी कशीबशी पास झालेली पोरगी दुसऱ्या वर्षी वर्गात पुढं आली.

आता आमच्या रिवाजाचं सांगतो. तो माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. आमच्या बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं रडणं नाही, हेल काढून, सुरात. कोण आजारी पडलं, कोणाची म्हैस गेली, कोणाला लेक झाली, सगळं त्या रडण्यात सांगतात. सांगून झालं की पदरानं डोळे पुसतात आणि तंबाखू काढतात. दुःख नसलं तरी रडतात. न रडता भेटली तर लोक म्हणतील, हिचा जीवच नाही.

गंगीची याडी, म्हणजे आई, रुपीबाई पहिल्यांदा तिला भेटायला आली तेव्हा मीच तिला घेऊन आलो होतो. मायलेकी परसात गळ्यात पडल्या आणि सूर लागला. बाई कणकेच्या हातानं धावत आल्या. "कोण गेलं? अगं कोण गेलं?" शेजारच्या गफ्फार टेलरची बायको कमरुन्निसा पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीवरून वाकली. गंगी रडता रडताच हसायला लागली.

"कोनी नाही मेलं, बाई. हे त भेट हाय आमची."

"भेट? असली?"

"तुमी लोक नमस्कार करून मोकळे होता. आमाले येवढं लागते."

बाई ओशाळल्या. मग मात्र त्यांना त्याचा अभिमानच वाटायला लागला. कॉलेजातल्या प्राध्यापकांना त्या समजावून सांगत. गल्लीतलं कोणी नाक मुरडलं तर सुनावत, "त्यांची रीत आहे ती. मधे जायचं नाही." रुपीबाई आली की त्या मागचं दार ओढून घेत, मायलेकींना मोकळं रडता यावं म्हणून. मला बरं वाटे. आमच्या रिवाजाला इतका मान देणारी शिकलेली बाई मी दुसरी पाहिली नव्हती.

गंगी शेवटच्या वर्षाला गेली. तिकडं तिची सोयरीक झाली होती. मुकुटबनकडच्या तांड्यातला प्रेमसिंग, शेतकरी, चांगला माणूस. गूळ वाटला गेला, शब्द झाला. लखीरामनं बाईंसमोर हात जोडून सांगितलं होतं, "परीक्षा होऊ द्या. मंगच लगीन." गंगीला एवढंच पाहिजे होतं. लग्नाला तिची ना नव्हती. पेपर देऊन जाईन, म्हणायची. तांड्यातली पहिली बी.ए.

पण आमच्याकडं बापाच्या शब्दावर तांड्याच्या नायकाचा शब्द असतो. आमचा नायक भावसिंग. मुलाकडचे म्हणाले, म्हातारी आजी अंथरुणाला खिळली आहे, तिच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. भावसिंग हो म्हणाला. लखीरामला बाईंना तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून तो स्वतः आला नाही. त्यानं बाया पाठवल्या.

माघाची दुपार होती. बाई पुढच्या खोलीत काही पोरांची शिकवणी घेत होत्या. परसातून रडणं उठलं. रुपीबाई आणि गंगीची मावशी सुखीबाई आल्या होत्या. एक पोरगा म्हणाला, "झाली भेट सुरू."

"त्यात दात काढण्यासारखं काय आहे?" बाई म्हणाल्या. "वाच पुढं."

सूर वाढला. लांबला. बाई उठल्या आणि त्यांनी मागचं दार ओढून घेतलं, नेहमीसारखं. पोरगा वाचत राहिला. रडणं हळूहळू लांब गेलं, गल्लीच्या टोकाकडं, मग थांबलं.

शिकवणी संपवून बाई चहा घेऊन मागं गेल्या. चार कप. खोली रिकामी. ट्रंक नाही. पुस्तकं तेवढी कोनाड्यात जशीच्या तशी.

भिंतीपलीकडून कमरुन्निसा म्हणाली, "गई ना वो. नीचे बैठ गई थी, उठतीच नै. दोनों ने बखोट पकडके उठाया."

"आणि तू पाहत राहिलीस?"

"बाई, तुमनेच तो बोला था, उनकी रीत है, बीच में नै जाना. पूरी गल्ली देख रही थी. हम समजे तुमको मालूम है."

बाई तशाच एसटीत बसल्या आणि दिग्रसला जिनाच्या फाटकावर येऊन उभ्या राहिल्या. चष्म्यावर धूळ. मी काम टाकलं आणि त्यांना तांड्यावर नेलं. मलाही कोणी काही कळू दिलं नव्हतं; आम्ही पोचलो तोवर रात्र सरत आली होती, लग्न लागून गेलं होतं. नवरी निघायची वेळ होती आणि गंगी ढावलो गात होती. ढावलो म्हणजे सासरी जाताना नवरीनं म्हणायचं रडगाणं. बापाला, भावाला, घराला, गोठ्यातल्या बैलाला, एकेकाला आळवायचं. भोवती साऱ्या बाया तिच्या सुरात सूर मिळवून रडत होत्या.

बाईंनी लखीरामला गाठलं. "ती खरंच रडते आहे की रीत म्हणून?"

लखीराम खाली पाहत म्हणाला, "नवरी त रडनच, बाई. नाही रडली त लोक काय म्हणतीन?"

"मी विचारते काय, तुम्ही सांगता काय!"

"आता मले तरी कसं समजन?" तो म्हणाला. त्याचेही डोळे वाहत होते.

मी ते सगळं जन्मभर ऐकत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. पोरीला नाही म्हणायचं असेल तर ती रडणार, आणि तिला हो म्हणायचं असेल तरी रडणारच. मग नाही म्हणायला तिच्याजवळ उरलं काय? मी भावसिंगवर धावून गेलो, चार शिव्या घातल्या. त्यानं नवरी परत येते का?

बाईंनी मात्र आशा सोडली नव्हती. परीक्षेला अजून वेळ होता. फागुनात होळी झाल्यावर त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही मुकुटबन गाठलं. तिथून तांड्यापर्यंत बैलगाडी. गंगीची पुस्तकं बाईंच्या मांडीवर होती. वाटेत त्या माझ्यासमोर भांडणाची तयारी करत होत्या. नवरा असं म्हणाला तर मी काय म्हणू, सासू तसं म्हणाली तर काय.

भांडण झालंच नाही. प्रेमसिंग हात जोडून म्हणाला, "घेऊन जा ना, बाई. मी कायले अडवू? परीक्षा देऊन आली की आनून सोडा म्हणजे झालं." सासू म्हणाली, आजी तर लग्न पाहून गेली, आता काय घाई नाही. बाईंचा चेहरा असा उजळला की मीच दुसरीकडं पाहिलं.

गंगी घरातून आली. बाईंनी हात पसरले. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला. रडली नाही. पाट मांडला, पाणी दिलं.

"चल," बाई म्हणाल्या. "सगळे हो म्हणतात. पुस्तकं आणलीत मी."

"मी नाही येत, बाई."

"का गं? पोरी, का?"

गंगी शांत होती. तिला रागवता आलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या दिवशी मी परसात बसून घेतलं. मले वाटलं, तुमी आता येसान. पोरायसमोर तुमाले हाक कशी मारू? पन आवाज त येत होता ना तुमाले?"

"येत होता."

"मंग दार लागलं."

मीच चिडून म्हटलं, "बाईले काय ठाऊक गंगे? तूच त शिकवलं त्याईले की रडनं म्हणजे भेट हाय!"

"हो, काका. मीच शिकवलं," ती म्हणाली. "म्हणून बाईवर राग नाही. पन त्या घरात मले आता नाही राहवत. इथं माझी सासू, मी चुलीजवळ बसून रडली तरी वळखते, धुरानं रडून राह्यली का मनानं. यवतमाळले सारी गल्ली उभी होती, बाई. एकाले नाही समजलं."

पुस्तकं तिनं ठेवून घेतली. परीक्षा दिली नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. आमच्या तांड्यात अजून कोणी मुलगी बी.ए. झालेली नाही.

परतीच्या एसटीत पांढरकवडा आलं तशा बाई माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "मला गोरबोली शिकवा."

मी शिकवायला वाईट. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारलं की माझा पारा चढतो. पण बाई चिकट. कामगारांच्या कज्ज्यासाठी मी यवतमाळला गेलो की त्यांच्या पुढच्या खोलीत बसायचं, त्यांनी विचारायचं, मी सांगायचं. मला वाटे, पुढं येणाऱ्या पोरींसाठी शिकत असतील. तसं झालंही. आमच्या तांड्यांतली पोरं आता त्यांच्याकडं आली की पहिल्यांदा त्यांच्याच बोलीत बोलतात, आणि सुटीत घरी गेलेलं लेकरू आलं नाही तर बाई जाऊन त्याच्या आईशी तिच्या बोलीत भांडतात.

पण एके दिवशी शिकता शिकता त्या मधेच थांबल्या. भिंतीकडं पाहत म्हणाल्या, "शंकरसिंगभाऊ, त्या दुपारचं सगळं माझ्या कानात आहे. तेव्हा अर्थ कळत नव्हता, नुसता आवाज होता. आता एकेक शब्द कळायला लागलाय."

आपण हिला काय शिकवत होतो, ते तेव्हा कळलं. मी सांगितलेला प्रत्येक शब्द घेऊन ही बाई त्या परसात जात होती आणि तो तिथल्या रडण्यात बसवून पाहत होती.

मी जायचं टाळू लागलो. त्या दिग्रसला यायला लागल्या.

परवा आल्या तेव्हा मी जिनाच्या आवारात होतो. हमालांची जेवणाची सुटी चालू होती. रुईच्या गासड्यांवर त्या टेकल्या आणि त्यांनी मला एक ओळ म्हणून दाखवली. नुसते शब्द नाही, हेलासकट, जिथं श्वास तुटला होता तिथं तोडून. जेवणारे हमाल घास हातात धरून पाहत राहिले. त्यातले आमच्या तांड्याचे दोघं उठून उभे राहिले, कारण तो बाईंचा आवाज नव्हता. तो गंगीचा होता.

"ह्याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. जमलं नाही.

"'इतकं तर होऊ दे, याडी,'" मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. ओठांतल्या ओठांत ते मराठीत म्हणून पाहिलं, जसं त्या पोरांकडून म्हणून घेतात तसं.

"पुरे करा आता, बाई," मी म्हणालो. "मले नाही सांगवत."

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून बरंच राहिलंय." आणि त्यांनी पुढची ओळ सुरू केली.