नऊ फुटांची फळी

"फळी कोणी लावली रे? तूच ना? मग असंच होणार."

पन्नास पोरांसमोर मास्तर म्हणाले. वर आणखी, "तुम्हा लोकांना शाळेत घेतलं हीच चूक." पोरं हसली. मी फडकं धरून उभा. काहीच वाटलं नाही. माठाला हात लावू नकोस म्हणाले होते, तेव्हाही वाटलं नव्हतं. सवय होते हो. हाताला घट्टे पडतात, तसे आतही पडतात.

तेव्हा घाटकोपरच्या एका हायस्कुलात मी प्रयोगखोलीचा शिपाई होतो. सातवी पास. मॅट्रिकच्या वर्गासाठी दरवर्षी फळी मीच तिरकी लावायचो. वर लोखंडी गोळी, शेजारी सेकंदाला ठोका देणारा लंबक. तासाच्या आधी गोळी दहादा सोडून बघायचो, नि पोचेल तिथे खडूची खूण करायचो. पहिल्या ठोक्याला अर्धा फूट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला साडेचार, चौथ्याला आठ. मग मास्तरांनी गणित करायचं, गोळीने बरोबर माझ्या खुणेवर यायचं, पोरांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्या मास्तरांना.

हे मास्तर नवे. भलतेच घाईचे. म्हणाले, चौथ्या ठोक्याला वेग सेकंदाला चार फूट. चार चोक सोळा. गोळी सोळा फूट जाणार.

अहो, फळीच नऊ फुटांची!

गोळी तीनदा सोडली. तीनदा आठ. गोळी सुटते शून्यातून, वेग वाढत वाढत चारवर जातो. शेवटचा वेग सुरुवातीपासून धरलात तर अंतर दुप्पट येणारच. निम्मं करायचं राहिलं होतं, बस. मला दिसत होतं. पण त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती.

तास संपल्यावर मास्तरांनी कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलेलं, 'फळी चुकीची लावली, माफी असावी.'

"उद्या सही करून हेडमास्तरांकडे दे. की अंगठा लावतोस?"

घरी बायको म्हणाली, "करून टाका ना सही. कायम तर व्हाल." तिचंही काय चुकलं? घरात दोन लेकरं.

सकाळी प्रयोगखोलीत एकटाच गेलो. फळी तशीच होती. गोळी सोडली. ठोके मोजले. आठ फूट. तेव्हा मात्र डोकं सणकलं. माझ्या हातचं काम चोख, आणि माफी मीच मागायची? का म्हणून?

कागद उलटा केला. लिहिलं, 'फळी बरोबर होती. मास्तर निम्मं करायला विसरले.' खाली पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट. हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून आलो.

महिनाअखेर मला काढलं. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जाताना फळीवरच्या खुणा पुसल्या. त्या माझ्या होत्या. त्या दिवशी ठरवलं ते आजही तसंच आहे. भाकरी जाईल तर जाऊ दे. दुसऱ्याच्या चुकीखाली माझी सही पडणार नाही.