न्गोझीची मुकी कॅसेट

ड्यूटी संपली की न्गोझी आम्हाला चेंजिंग रूममध्ये मरून दाखवायची. बाकावर कोसळायची, एक हात छताकडे, डोळे पांढरे, आणि शेवटचा श्वास इतका लांबवायची की आमच्यातली एखादी ओरडायची, "अगं, आता मर की!" ख्राइस्टचर्चच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी नर्स होतो. मी सांगलीची, ती नायजेरियाची. तिकडे असताना नर्सिंग सांभाळून ती सिनेमात कामं करायची.

"तुमच्याकडे सिनेमे निघतात?" मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तिने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

"ऐक, सिस्टर. आधी आमच्या नाटकमंडळ्या गावोगाव फिरायच्या. त्यांनीच पुढे सिनेमे काढले. मग आमचं चलन घसरलं, फिल्म परवडेना. लुटालूट वाढली, अंधार पडल्यावर बाहेर पडायला लोक घाबरू लागले, थिएटरं ओस पडली. सगळे म्हणाले, सिनेमा मेला. आम्ही म्हटलं, लग्नाचं शूटिंग होतं तो व्हिडिओ कॅमेरा आहे ना? मग झालं तर!"

शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात शूटिंग, जनरेटर बंद पडला की सगळ्यांनी भात खाऊन घ्यायचा, आणि तयार कॅसेट बाजारात टोमॅटोशेजारी विकायला. "लोक थिएटरात येईनात, तर आम्ही त्यांच्या घरात घुसलो!" हे तिचं ठरलेलं वाक्य. तिचा नवरा चिके याच सिनेमांतला नट. तो आजारपणात गेला, मग ती इकडे आली. त्याच्याबद्दल मात्र ती बोलायची नाही.

एका शनिवारी तिने हॉर्नबी या उपनगरातला छोटा हॉल भाड्याने घेतला. बहिणीने तिच्या एका सिनेमाची जुनी कॅसेट पाठवली होती. "ऐकून खरं वाटत नाही ना? मग बघाच." वॉर्डातल्या नर्सेस आल्या, काही मराठी घरं आली, माझ्याकडे राहायला आलेली आईही आली. चित्र सुरू झालं, पण आवाजच नाही. वायरी हलवून झाल्या, व्हीसीआरला थापट्या मारून झाल्या. कोणीतरी चहाकडे वळलं, तशी न्गोझी उठली, पडद्याशेजारी उभी राहिली आणि सगळ्यांचे संवाद स्वतःच बोलू लागली. घरमालक, सून, पाद्री, दारातली शेळीसुद्धा! हॉल खदखदून हसत होता.

आणि पडद्यावर चिके आला. तरुण, पांढऱ्या सदऱ्यात. त्याचे ओठ हलत होते आणि न्गोझी गप्प.

इंग्रजीचा गंध नसलेली माझी आई पहिल्या रांगेतून म्हणाली, "अगं, थांबलीस का? काय म्हणतोय तो?"

न्गोझीने तिच्याकडे पाहिलं. शब्द कळले नसतील, पण प्रश्न कळला. ती घोगऱ्या आवाजात बोलू लागली. आधी अडखळत, मग सुरात. पडद्यावर चिके रुसलेल्या बायकोची मनधरणी करत होता. हॉल पुन्हा हसला. डोळे पुसत तीही हसली.

"त्याचा आवाज मी विसरले असं वाटायचं," नंतर कप धुताना ती म्हणाली. "घशातच होता की!"

वर्षभरात तिने राजीनामा दिला. विमानतळावर मी म्हटलं, "पक्की नोकरी सोडून चाललीस. या वयात तिकडे तुला सिनेमात काम कोण देणार?"

"अबेग," ती तिच्याकडच्या बोलीत 'कृपा कर' म्हणाली, "सोड गं! नायिका ढिगाने मिळतात. खाष्ट सासू शोधत फिरतात लोक."

एवढं बोलून तिने नाक उडवलं आणि ट्रॉली ढकलत, सासूच्याच तोऱ्यात, आत गेली. वळूनसुद्धा पाहिलं नाही.