पुठ्ठ्याच्या आडोशाचं मत

ये वं पोरी, फोन कानाशी धर. आईचं बोलणं काहून असं घाईत गुंडाळतेस? तिकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्षासाठी लोकच मत देतात, इकडे आमचे खासदार पंतप्रधान ठरवतात, हे तू समजावलंस ते समजलं. पण तुमच्याकडे मतपत्रिका टपालानं घरी येते म्हणालीस, तर जावई मधेच बोलले, "आम्ही दोघं मिळूनच भरतो, आई." तेव्हापासून मनात पाल चुकचुकून राहिली.

अकोल्यात मतदानाच्या सकाळी तुझे आजोबा आम्हा सुनांना बजावायचे, "बटण कोणतं दाबायचं ते ध्यानात ठेवा." आमी माना डोलवून केंद्रावर जायचो. पण मशीनभोवतीच्या पुठ्ठ्यामागे सासरे नव्हते, तुझे बाबाही नव्हते. घरी येऊन सगळ्याजणी सांगायचो, "तुमी सांगितलं तेच दाबलं." माझं बोट कुठं पडलं, हे आजवर कोणाले ठाऊक नाही.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर असा पुठ्ठा असतो का? पेन नेमका कोणाच्या हातात असतो? आता नको सांगू, जावई बाजूलेच असतील. लवकर ये, अन् या खेपेले एकटीच ये. भाजी निवडता निवडता सांग मले.